अंजिराचा रविवार

बाबांना शुभवर्तमानातल्या पाच-सहा जागा अवघड जायच्या, आणि त्यांचा हट्ट असा की, जे आपल्याला कळलेलं नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ते त्या जागा हळूच ओलांडून जायचे, चिखलातून जाताना लेंगा वर धरावा तसे. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येणार नाही, असं प्रभू म्हणतो ती एक जागा. बापाला मूठमाती द्यायला निघालेल्या माणसाला, मेलेल्यांचं मेलेले बघतील, तू चल, असं सांगतो ती दुसरी. परक्या मुलखातली एक बाई लेकीसाठी पदर पसरते आणि तिला कुत्र्याची उपमा ऐकून घ्यावी लागते ती तिसरी. भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि अख्खा कळप पाण्यात बुडून मरतो, त्यावर आई दर वेळी विचारायची, "आणि ज्यांची डुकरं त्यांचं काय हो?" तेव्हा बाबा चहा मागायचे. पण सगळ्यांत अवघड जागा मार्काच्या अकराव्या अध्यायातली. प्रभूला भूक लागते. वाटेत पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं. जवळ जाऊन बघतो तर फळ नाही. आणि मार्क मुद्दाम सांगून ठेवतो की तो अंजिरांचा हंगामच नव्हता. तरी प्रभू त्या झाडाला शाप देतो, आणि दुसऱ्या दिवशी झाड मुळापासून वाळलेलं. या एका झाडानं आमचं घर उठायची वेळ आणली होती, ती हकीकत मला लिहून ठेवायची आहे. मी सत्तरी ओलांडली आहे, आता कोणाची भीडभाड ठेवायचं कारण उरलेलं नाही.

श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनच्या बाजारापासून चालत तासाभरावर, नारळी-पोफळीच्या वाडीत आमचं चर्च होतं आणि चर्चला पाठ लावून आमचं घर. चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांब खोली, आत चटया, आणि म्हाताऱ्यांसाठी दोन बाकं. मंडळी अकरा घरांची. बहुतेक वाडीत राबणारी, एक जण होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि एक कंपाउंडर सायमनकाका, जे मंडळीचे पंच होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची काळजी करायचे. गावातले बाकीचे लोक बाबांना फादर म्हणत. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात फादर नसतात, पाळक असतात, आणि पाळकाला बायकामुलं असतात, हे बाबांनी पहिली दोन वर्षं समजावून पाहिलं आणि मग नाद सोडला. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर रहाटाची करकर यायची. न्हाणीघराच्या पत्र्यावर सुपारी पडली की टण्ण आवाज व्हायचा आणि आई आतून विचारायची, "कोण आलं?" इतक्या वर्षांत तिला या विनोदाचा कंटाळा आला नाही. वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी, हे आठवड्याचे सहा दिवस. रविवारी उपासनेनंतर घावन आणि नारळाचा रस. मी अजूनही रविवारी घावनच करते, आणि पहिलं घावन अजूनही तव्याला चिकटतं.

बाबा नगरकडचे, कोरड्या मुलखातले. नारळाच्या झाडाकडे ते जन्मभर जरा संशयानंच बघत आले. इथं आल्या आल्या त्यांनी मंडळीतल्या दोघा भावांना एका फणसापुढे पकडलं होतं. झाड चांगलं वाढलेलं, पण फळ धरत नव्हतं. आमच्या वाडीत अशा झाडाला धाक घालायची रीत होती. मालक कोयता घेऊन जातो, बुंध्यावर एक हलका घाव घालतो आणि मोठ्यानं म्हणतो, "आता तोडतोच याला." मग थांबतो. तेवढ्यात शेजारचा माणूस पुढे होऊन त्याचा हात धरतो आणि म्हणतो, "राहू दे. यंदा राहू दे. पुढल्या साली लागंल." मालक पुटपुटत कोयता खाली घेतो आणि दोघं चहा प्यायला जातात. बाबांनी त्या दोघा भावांना तिथंच उभं केलं आणि विचारलं, "झाडाला कान असतात का रे?" दोघंही मान खाली घालून राहिले. त्या रविवारी अंधश्रद्धेवर पाऊण तास उपदेश झाला. पुढल्या वर्षी त्या झाडाला नऊ फणस लागले, हे आई मला सांगायची, पण बाबांच्या देखत नाही.

आणि रखमा. ती चर्चच्या वाडीत कामाला होती, साठीला टेकलेली, आवाज बारीक आणि जीभ धारदार. ती मंडळीतली नव्हती. तिच्या घरी तिचे देव होते, गणपतीला तिच्याकडून आमच्याकडे मोदक यायचे आणि नाताळाला आमच्याकडून तिच्याकडे करंज्या जायच्या. तरी दर रविवारी घंटा झाली की ती येऊन चर्चच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर बसायची. सतरा वर्षं. बाबा म्हणायचे, "रखमा, आत ये, चटईवर बस." ती म्हणायची, "आत बसले की झोप लागते, फादर. हितं वारा हाय." पण आत बसलेल्या कोणाहीपेक्षा ती उपदेश नीट ऐकायची. बाबांनाही ते ठाऊक होतं. दर गुरुवारी दुपारी ती आमच्या पडवीत खराट्यासाठी झावळ्यांचे हीर काढत बसायची, आणि बाबा तिला येत्या रविवारचा उपदेश गप्पा मारल्यासारखा सांगायचे. हीर काढणारा तिचा हात थांबला तर उपदेश बरा. हात चालूच राहिला तर बाबा उठून आत जायचे आणि पुन्हा लिहायला बसायचे. खरं तर लिहायची मी. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. ते सांगायचे आणि मी मोठमोठ्या अक्षरांत, एका पानावर जेमतेम दहा ओळी, असं उतरवायची. मी तेव्हा अठराची होते. मॅट्रिक होऊन घरी बसलेली, आणि बाबांचे डोळे आपणच आहोत अशा तोऱ्यात वावरणारी.

त्या वर्षी वरून, म्हणजे आमच्या सगळ्या मंडळ्यांच्या मुख्य कचेरीतून, पत्र आलं. मीच ते वाचून दाखवलं, त्यामुळे अजून पाठ आहे म्हटलं तरी चालेल. पाळक थोडे आहेत आणि मंडळ्या फार. जिथं फळ दिसत नाही तिथं माणूस अडकवून ठेवणं आता शक्य नाही. आपल्या मंडळीत गेल्या कित्येक वर्षांत बाहेरच्या एकाही माणसाचा बाप्तिस्मा झालेला नाही. तरी अध्यक्षसाहेब स्वतः येऊन उपासनेला बसतील आणि मग ठरेल. ठरायचं काय होतं, तेही लिहिलं होतं: मंडळी अलिबागकडच्या मोठ्या मंडळीला जोडायची, चर्चला कुलूप लावायचं, आणि बाबांना विश्रांती द्यायची. विश्रांती म्हणजे घर खाली करायचं. शेवटी एक ओळ होती की, त्या रविवारी मार्काच्या अकराव्या अध्यायातल्या अंजिराच्या झाडावर उपदेश करावा. बाबांनी पत्र माझ्या हातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, त्यांना अर्थातच काही दिसलं नाही, आणि म्हणाले, "साहेबांना विनोदबुद्धी आहे." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला विनोद वाटला नव्हता.

पुढल्या आठवड्यात बाबांनी उपदेश तीनदा केला आणि दोनदा मोडला. पहिला नेहमीचा, सगळ्या पुस्तकांत सापडतो तसा: पानं आहेत आणि फळ नाही, म्हणजे ढोंग, असं झाड जागा अडवतं. मी तो लिहून काढला. आई खवणीवर नारळ खवत होती. तिनं हात न थांबवता सांगितलं, "छान आहे. साहेब समोर बसून मान डोलवतील. म्हणतील, बरोबर, म्हणूनच तर आलो." बाबांनी ते कागद बाजूला ठेवायला लावले. दुसरा उपदेश विद्वत्तेचा होता. झाड म्हणजे झाड नव्हेच, झाड म्हणजे यरुशलेमचं मंदिर, शाप त्या मंदिराला होता. गुरुवारी पडवीत तो रखमाला ऐकवला. तिचा हात जराही थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मंग देवलाला शाप द्यायचा. त्या झाडाला कशापायी?" मग ती म्हणाली, "आनी अंजीर म्हंजे वो काय?" आमच्याकडे अंजीर कोणी पाहिलेला नव्हता. बाबा म्हणाले, उंबराच्या जातीचं समज. झालं. रखमाचा हात थांबला. "उंबराला शाप?" उंबराला आमच्या गावात कोणी कोयता लावत नाही, तो दत्ताचा. बाबांना आपली चूक कळली, पण आता ती परत घेता येत नव्हती. रखमानं हातातली झावळी खाली ठेवली. म्हणाली, "हंगाम न्हवता म्हनता. मंग झाडानं काय करायचं व्हतं, फादर?"

"तेच मला कळत नाही, रखमा," बाबा म्हणाले. मला त्यांचा तो चेहरा आठवतो. छप्पन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं पाळकी केलेला, आणि शाळेतल्या पोरासारखा कबूल करत होता. रखमा म्हणाली, "मंग तसंच सांगा की लोकांना," आणि पुन्हा हीर काढायला लागली.

तिसरा उपदेश असा झाला. पहिली चार पानं गोष्टीची, आणि शेवटच्या पानावर सरळ सांगितलेलं की, ही जागा मला कळलेली नाही; तीस वर्षं मी ती टाळत आलो; आज टाळत नाही, एवढंच; मी ती तुमच्यापुढे आहे तशी ठेवतो आणि तुम्हीही तिच्याशी भांडा. आई ते ऐकून उठली आणि चुलीपाशी गेली, हे वाईट लक्षण होतं. सायमनकाकांना मी सांगितलं, ते तसेच दवाखान्यातून उठून आले. "पाळकसाहेब, परीक्षेला बसल्यावर कोरा पेपर देतात का? इतकं चांगलं पहिलं लिहिलं होतंत म्हणे. तेच वाचा. साहेब खूश होतील, आपण सुटू." बाबा म्हणाले, "सायमन, साहेबांना खूश करायला मी उभा राहिलो, तर कुलूप लागलेलंच बरं." काका जाताना मला बाहेर गाठून म्हणाले, "पोरी, तू तरी समजाव त्यांना."

आता माझी गोष्ट. शनिवारी दुपारी मी उपदेश पक्का उतरवायला बसले होते. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती, म्हणजे मला तसं वाटलं. मी पाणी प्यायला आत गेले तर तिनं सगळी भांडी जमिनीवर काढली होती आणि त्यांचे दोन ढीग केले होते. डावीकडे आमची, लग्नातली, तिच्या माहेरची. उजवीकडे चर्चची, आमच्या आधीच्या पाळकांपासून घरात राहिलेली. एक पितळी पातेलं हातात घेऊन ती बसली होती, कुठल्या ढिगात ठेवावं ते तिला आठवत नव्हतं. मला बघून म्हणाली, "जाताना गोंधळ नको." मी पाणी न पिताच बाहेर आले. टेबलाच्या खणात पहिल्या उपदेशाचे कागद होते, माझ्याच अक्षरात. मी त्याचं शेवटचं पान काढलं, तिसऱ्या उपदेशाच्या शेवटच्या पानाच्या जागी लावलं, वर टाचणी मारली, आणि बाबांचं खरं शेवटचं पान माझ्या पोलक्यात घालून ठेवलं. मला त्या वेळी जरासुद्धा अपराधी वाटलं नाही. उलट, या घरात शहाणं माणूस एकच आहे असं वाटलं. अठराव्या वर्षी माणूस फार शहाणं असतं.

अध्यक्षसाहेब संध्याकाळी आले. मी मनात त्यांचा राक्षस करून ठेवला होता. निघाले एक थकलेले, जाडसर, हळू बोलणारे गृहस्थ, एसटीनं हाडं खिळखिळी झालेली. आईनं कोंबडी केली होती. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आईला विचारलं की वाटण कशाचं. आई इतकी चिडलेली होती की तिनं खसखस सांगायची मुद्दाम गाळली.

रविवारी अकराच्या अकरा घरं आली. एरवी आजारी असणारेही आले. साहेब पहिल्या बाकावर, मांडीवर डायरी. पायरीवर रखमा. बाबा उभे राहिले, कागद डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला आणि सुरुवात केली. चार पानं सुरेख गेली. बेथानीचा रस्ता, सकाळची भूक, लांबून दिसणारी हिरवी पानं. ऐकताना मलासुद्धा भूक लागली. मग त्यांनी पान उलटलं, आणि सवयीनं, सरळ, खणखणीत आवाजात वाचलं, "ज्या झाडाला नुसती पानं आहेत आणि फळ नाही, ते झाड जागा अडवतं. ते तोडलंच पाहिजे."

आणि थांबले. कागद आणखी जवळ नेला. लांब धरला. मग त्यांनी बरोबर माझ्याकडे पाहिलं. त्यांना तिथून माझं तोंड दिसत नसणार, धुरकट काहीतरी दिसत असेल, पण त्यांनी पाहिलं आणि मी चटईच्या कडेचा धागा उसवायला लागले. चर्चमध्ये कोणी हललं नाही.

त्या शांततेत पायरीवरून बारीक आवाज आला, "राहू द्या, फादर. यंदा राहू द्या. पुढल्या साली लागंल."

रखमानं काही धीटपणा केला नव्हता. आपण प्रार्थनेनंतर आमेन म्हणतो, तितक्या सहज तिनं ते म्हटलं. तिच्या लेखी फादर 'तोडलंच पाहिजे' म्हणून थांबले, म्हणजे आता दुसऱ्या माणसानं बोलायचं होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. ते ऐकून फणसापाशी पकडलेल्या दोघा भावांतला थोरला, तोंडातून निघून गेल्यासारखा, "व्हय, राहू द्या," म्हणाला. मग चटयांवरून तीन-चार आवाज आले. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सायमनकाकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी डायरीतून मान वर केली.

बाबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुढचं ते ज्या आवाजात बोलले, तो चर्चमधला नव्हता, पडवीतला होता. म्हणाले, "मी इथं नवा होतो तेव्हा तुमच्या या रीतीवर रागावलो होतो. तुम्हाला विचारलं होतं, झाडाला कान असतात का. आज मला वाटतं, ती रीत झाडासाठी नाहीच. ज्याच्या हातात कोयता आहे त्याच्यासाठी आहे. त्याचा हात धरायला कोणीतरी पाहिजे म्हणून आहे. मार्कानं लिहिलंय की, प्रभू झाडाशी बोलला ते शिष्यांनी ऐकलं. बारा जण होते. सगळ्यांनी ऐकलं, आणि एकही राहू दे म्हणाला नाही. लूकनं अशाच एका झाडाची गोष्ट सांगितली आहे. तिथं माळी मधे पडतो. म्हणतो, आणखी एक वर्ष द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. तिथं झाड राहतं. इथं कोणी बोललं नाही, इथं झाड वाळलं. आणि झाड वाळल्यावर प्रभू त्यांना काय शिकवतो? प्रार्थना करायला. मागायला. कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करायला. मी हे तीस वर्षं वाचलं आणि त्या दोन गोष्टी जोडल्या नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "तरी हंगाम नसताना शाप का दिला, ते मला माहीत नाही. मी बरोबर सांगतोय का, तेही माहीत नाही. पण आपल्या वाडीतलं एखादं माणूस त्या रस्त्यावर असतं तर गप्प बसलं नसतं, एवढं मला माहीत आहे." आणि ते खाली बसले. गीत कोणतं म्हणायचं ते सांगायलाही विसरले.

मी आता त्याच जागी उभी राहून उपदेश करते. पाळक महिन्यातून दोनदा येतात, उरलेले रविवार माझे. घरं नऊ राहिलीत, कर्ती पोरं न्हावा शेव्याला आणि पनवेलला, पण सणाला सगळी येतात आणि तोंडावर प्रश्न विचारतात, जे आमच्या पिढीनं केलं नाही. मागे एका नव्या सुनेनं मला विचारलं, त्या परक्या बाईला कुत्र्याची उपमा का दिली, मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, मलाही आवडत नाही. पण ती बाई गप्प बसली नाही, तिनं उलट उत्तर दिलं, आणि प्रभूनं तिचं ऐकलं. त्याच्याशी वाद घालून जिंकलेली दुसरी कोणी मला तरी आठवत नाही. सून म्हणाली, मग ठीक आहे. बाबांच्या खांद्यावर चढूनच मला एवढं दिसतं, हे मी विसरत नाही.

त्या रविवारी उपासना झाल्यावर साहेब पडवीत आले. रखमा तिथं नारळाच्या करवंट्या गोळा करत होती. त्यांनी बाबांना विचारलं, "ही सभासद आहे?" बाबा म्हणाले, "नाही." "बाप्तिस्मा?" "नाही. सतरा वर्षं पायरीवर बसते." साहेबांनी रखमालाच विचारलं, "बाई, सतरा वर्षं बाहेर बसता. आत का येत नाही?" मला वाटलं, आता वाऱ्याचं कारण येणार. रखमानं करवंट्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले. म्हणाली, "साहेब, मालकाचा हात मालकाच्या घरचं मानूस धरत न्हाय. शेजारी लागतो. मी आत आले की मी फादरच्या घरची. मंग बाहेरून बोलायला कोन ऱ्हायलं?" साहेब तिच्याकडे बघत राहिले. ते काही रागावले नाहीत, पण जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. आईनं घावन वाढलं, पुन्हा वाढलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांना ते ऐकूच आलं नाही.

निघताना ते बाबांना म्हणाले, "इथं फळ नाही असं मला लिहावंच लागेल. खोटं लिहिता येणार नाही मला." बाबा म्हणाले, "लिहा." साहेब म्हणाले, "खाली लिहीन की एक वर्ष राहू द्यावं." मग आईकडे वळून, "वाटणात खसखस होती ना?" आईनं मान हलवली आणि तिथंच उभ्या उभ्या रडली. पुढल्या वर्षी ते आले, तसंच लिहून गेले. त्याच्या पुढल्या वर्षीही. नंतर कोणी विचारायचं बंद झालं, आणि बाबा त्याच घरात म्हातारे झाले.

पण त्या दुपारी मला घराचा आनंद करता येत नव्हता. साहेबांना रस्त्यापर्यंत पोचवून बाबा परत आले, पडवीत बसले आणि मला हाक मारली. मी पोलक्यातलं पान काढून त्यांच्या हातात दिलं. घामानं शाई पसरली होती. मी म्हटलं, "मी बदललं. आई भांडी वेगळी करत होती, ते मला बघवलं नाही." आणि मग मला जे रडू आलं, ते आवरेना. बाबांनी पान गुडघ्यावर सपाट केलं. म्हणाले, "तू बदललं नसतंस तर मी थांबलो नसतो. थांबलो नसतो तर रखमा बोलली नसती. पण म्हणून तू केलंस ते बरोबर होत नाही. लोकांपुढे माझ्या तोंडून ते बोलवलंस, जे मी बोलणार नव्हतो. कळतंय?" मी मान हलवली. "आजपासून माझं काही लिहायचं नाही."

मार खाल्ला असता तर बरं, असं मला झालं. माझ्या मोठ्या अक्षरांखेरीज त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्यांचे डोळे मीच होते. मी म्हटलं, "मग तुम्ही उपदेश कसा करणार?" ते म्हणाले, "पाठ करीन. नाही तर येईल तसा बोलेन, आज बोललो तसा. तू तुझं लिही." मला आधी समजलंच नाही. "माझं कसलं?" "उपदेश," बाबा म्हणाले, "दुसऱ्याचा बदलण्यापेक्षा स्वतःचा लिही. येत्या रविवारी पहिली पाच मिनिटं तुझी. सायमनला मी सांगतो."

त्या आठवड्यात मी माझा पहिला उपदेश लिहिला. जागा मीच निवडली, आईबापांचा द्वेष करा ती, कारण त्या दिवसांत मला ती अगदीच अवघड वाटत नव्हती. पाच वेळा खोडून दीड पान झालं. शनिवारी दुपारी बाबांना वाचून दाखवलं. रखमा नव्हती, आई होती, तिनं शेवटी नुसतं "हं" म्हटलं. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "यातलं तुला खरोखर कळलेलं किती?"

मी दीड पान पुन्हा वाचलं. मग म्हटलं, "अर्धं पान."

"मग अर्धंच वाच."

रविवारी मी उभी राहिले, अर्धं पान वाचलं, आणि खाली बसले.